ड्रायवॉलचा अंदाज चुकतो कुठे? बोर्ड पुरत नाहीत, स्टड संपतात, बिल वाढतं

ड्रायवॉल म्हणजे स्टीलच्या सांगाड्यावर जिप्सम बोर्ड लावून केलेली भिंत; सांगाड्यातल्या उभ्या पट्ट्या म्हणजे स्टड. तक्रार नेहमीची आहे. भिंतीचं क्षेत्रफळ काढलं, एका बोर्डाच्या क्षेत्रफळाने भागलं, वर दहा टक्के धरले आणि माल मागवला. तरी काम संपत आलं की दोन बोर्ड कमी पडतात, स्टड तर त्याआधीच संपलेले असतात आणि कोपऱ्यात कुठेच न बसणाऱ्या तुकड्यांचा ढीग साचतो. मग पुढच्या कामाला दहाऐवजी पंधरा टक्के धरले जातात. त्या वेळी बोर्ड उरतात, पण स्टड पुन्हा कमीच.

टक्के वाढवून हा दोष जात नाही. क्षेत्रफळातून फक्त किती पृष्ठभाग झाकायचा ते कळतं. बोर्ड कुठे कापला जाईल, सांधा कोणत्या स्टडवर येईल, दाराच्या चौकटीला किती जादा स्टड लागतील, सांध्यांवर चिकटवायचा टेप किती मीटर जाईल, हे त्यातून कळत नाही. माल कमी पडतो तो नेमका या चार ठिकाणी. म्हणून भिंतीचं साधं रेखाचित्र काढून त्यावर बोर्ड मांडायचे आणि मग मोजायचं. हे काम आलेखाच्या कागदावर अर्ध्या तासात होतं.

खाली सगळीकडे एकच भिंत धरली आहे: लांबी ६.० मीटर, उंची २.७ मीटर, दोन्ही बाजूंनी १२.५ मिमी बोर्डाचा एकेक थर, स्टड ६०० मिमी अंतरावर. मध्ये ०.९ × २.१ मीटरचं एक दार. भिंतीच्या डाव्या टोकापासून दार १.९५ मीटरवर सुरू होतं आणि २.८५ मीटरवर संपतं.

बोर्ड: भागाकाराने १०, प्रत्यक्षात ११ किंवा १२

एका बाजूचं क्षेत्रफळ १६.२ चौ. मी., दार वजा जाता १४.३१. दोन्ही बाजू मिळून २८.६२ चौ. मी. १.२ × २.४ मीटरचा बोर्ड २.८८ चौ. मीटरचा असतो. भागाकार ९.९४ येतो, म्हणजे १० बोर्ड. हिशेब बरोबर दिसतो, पण भिंत २.७ मीटर उंच आहे आणि बोर्ड २.४ मीटरचा.

प्रत्येक बाजूला पाच बोर्ड उभे लागतात, दोन्ही मिळून दहा. त्यांच्या वर ३०० मिमीची पट्टी उरते, एका बाजूला ६ मीटर, दोन्हीकडची मिळून १२ मीटर. एका बोर्डातून ३०० मिमी रुंदीच्या २.४ मीटर लांब चार पट्ट्या निघतात, म्हणजे ९.६ मीटर. १२ मीटरला दोन बोर्ड लागणार. एकूण १२. दाराच्या जागेतून कापून निघालेले तुकडे याच पट्टीसाठी नीट वापरले तर एक बोर्ड वाचतो आणि ११ मध्ये भागतं. मात्र ते तुकडे बाजूला राखून ठेवायला हवेत, आणि पट्टीचा प्रत्येक सांधा स्टडवरच यायला हवा. कापलेले तुकडे दिवसभर पायाखाली येत राहिले तर १२ धरलेलेच बरे.

दार वजा करण्याची सवय इथेच अंगाशी येते. दाराजवळचा बोर्ड पूर्णच घ्यावा लागतो, कारण दाराच्या उभ्या कडेच्या रेषेत बोर्डांचा सांधा आणायचा नसतो. तिथे सांधा आला की दार आपटल्याच्या धक्क्यांनी वरच्या कोपऱ्यातून तडा जातो. सांधा दाराच्या मधोमध घ्यायचा किंवा अख्खं दार एकाच बोर्डात बसवून त्यातून जागा कापायची. आपल्या भिंतीत एका बाजूचा सांधा २.४ मीटरवर, म्हणजे दाराच्या बरोबर मध्यावर येतो. दुसऱ्या बाजूची सुरुवात अर्ध्या बोर्डाने करायची, म्हणजे दोन्ही बाजूंचे सांधे एकाच स्टडवर येत नाहीत. तिथे दार १.८ ते ३.० मीटरच्या बोर्डात पूर्ण मावतं. दोन्हीकडे बोर्ड पाचच लागतात. दाराने एकही उभा बोर्ड वाचवला नाही, फक्त थोडे वापरण्याजोगे तुकडे दिले. बोर्ड मोजताना लहान दारं-खिडक्या वजा करूच नयेत. अख्खा बोर्ड ज्यात मावेल अशी मोठी मोकळी जागा असेल तरच वजाबाकी करावी.

आता खरा निर्णय बोर्डाच्या लांबीचा. ३.० मीटरचे बोर्ड मिळत असतील तर दहा पुरतात. प्रत्येकातून ३०० मिमीचा तुकडा वाया जातो आणि विकत घेतलेलं क्षेत्रफळ ३६ चौ. मी. होतं. २.४ मीटरचे अकरा घेतले तर ३१.६८ चौ. मी. कागदावर दुसरा पर्याय स्वस्त वाटतो. पण त्यात भिंतीच्या वरच्या भागात दोन्ही बाजूंना मिळून १२ मीटर आडवा सांधा येतो, आणि तो कापलेल्या कडांचा असतो. बोर्डाच्या लांब कडा उतरत्या असतात, त्यामुळे टेप आणि कंपाउंड (सांधे भरायचा लेप) त्या खोलगटात बसून पृष्ठभाग सपाट राहतो. कापलेल्या कडेला उतार नसल्याने टेपचा उंचवटा लपवायला कंपाउंड दुप्पट रुंदीवर पसरावं लागतं. वर दिवे असतील तर तो फुगवटा तरीही दिसतो. शिवाय आडव्या सांध्यामागे स्टडच्या अधेमधे आधाराची पट्टी हवी. आग किंवा आवाज रोखण्यासाठी प्रमाणित भिंतीत ती टाळून चालत नाही. चार-साडेचार चौरस मीटर बोर्डाची किंमत एका बाजूला आणि १२ मीटर कठीण सांध्याची मजुरी दुसऱ्या बाजूला ठेवून पाहा. बहुतेक वेळा लांब बोर्डच स्वस्त पडतो. २.७ मीटरचे बोर्ड मिळाले तर प्रश्नच मिटतो: दहा बोर्ड, ३२.४ चौ. मी., कापणी जवळजवळ शून्य.

लांब बोर्ड ठरवण्याआधी एक गोष्ट प्रत्यक्ष जाऊन मोजा: तो जिन्याच्या वळणावरून वळेल का, लिफ्टमध्ये उभा मावेल का? १२.५ मिमीच्या साध्या बोर्डाचं वजन चौरस मीटरला साधारण ८ ते ९ किलो, म्हणजे ३ मीटरचा बोर्ड तीस किलोच्या आसपास. दोन माणसं लागतातच. बोर्ड खालीच अर्धा कापून वर न्यायची वेळ आली तर वरचा सगळा हिशेब वाया गेला.

कापणीचा हिशेब मांडून झाल्यावरच घट, म्हणजे वाया जाणारा माल, धरा. सरळ, चौकोनी खोलीत मोडतोडीसाठी पाच टक्के किंवा निदान एक बोर्ड पुरतो. नुसत्या क्षेत्रफळावरून अंदाज करत असाल तर सरळ खोलीला दहा आणि तिरक्या भिंती, कोनाडे, बऱ्याच खिडक्या असतील तर पंधरा टक्के धरावे लागतात. दोन्ही पद्धती एकत्र केल्या की घट दोनदा मोजली जाते. बोर्ड उरण्याचं हेच सर्वांत मोठं कारण.

स्टड: भागाकाराने १०, प्रत्यक्षात १५

सर्वांत मोठी चूक इथे होते. ६.० मीटर भागिले ०.६ म्हणजे १०. हे दहा गाळे, म्हणजे दोन स्टडमधल्या जागा झाल्या; स्टड अकरा, कारण दोन्ही टोकांना स्टड लागतो. या अकरांपैकी २.४ मीटरवरचा स्टड दाराच्या मोकळ्या जागेत येतो, म्हणून तो जमिनीपर्यंत जात नाही; त्याच्या जागी दाराच्या वर ६०० मिमीचा आखूड तुकडा. पूर्ण उंचीचे राहिले दहा. दाराच्या दोन्ही कडांना, १.९५ आणि २.८५ मीटरवर, वेगळे स्टड हवेत. दाराचं वजन पेलण्यासाठी तिथे दोन स्टड एकमेकांत बसवून पेटीसारखे करतात, म्हणजे चार. एकूण चौदा. आखूड तुकडा उरलेल्यातून निघेल असं वाटतं, पण ३.० मीटरचा स्टड २.६९ ला कापला की उरतो सुमारे ३०० मिमीचा. त्यातून ६०० मिमीचा तुकडा निघत नाही. पंधरावा स्टड घ्यावाच लागतो.

दहा आणि पंधरा हा फरक दहा टक्के घटीत कधीच बसत नाही. लक्षात ठेवायचा नियम असा: गाळे अधिक एक, त्यावर प्रत्येक दाराला किमान तीन-चार जादा, भिंत जिथे दुसऱ्या भिंतीला मिळते तिथे एक-दोन जादा. खिडकीला वर आणि खाली दोन्हीकडे आखूड तुकडे लागतात.

स्टड जमीन ते छत या उंचीपेक्षा ५ ते १० मिमी आखूड कापायचा. पूर्ण उंचीचा ठोकून बसवला की छत जरा दबलं तरी भिंत फुगते. उंची एकाच ठिकाणी मोजू नका. जमीन क्वचितच समपातळीत असते. ६ मीटरच्या भिंतीला निदान तीन ठिकाणी मोजा आणि सर्वांत मोठी उंची धरून स्टडची लांबी ठरवा. २.९९ मीटर मोजून ३.० चे स्टड मागवले आणि एका टोकाला उंची ३.०२ निघाली, तर तेवढ्या भागासाठी वेगळा माल आणावा लागतो.

ट्रॅक, म्हणजे स्टडची टोकं ज्यात बसतात ती जमिनीवरची आणि छताची आडवी पट्टी, सोपा आहे. वर पूर्ण ६.० मीटर, खाली दार सोडून ५.१, दाराच्या डोक्यावरच्या आडव्या तुकड्याला दोन्ही टोकं दुमडण्यासह १.२. एकूण १२.३ मीटर, म्हणजे ३ मीटरच्या पाच लांब्या. वरच्या ट्रॅकमधून दार वजा करण्याची चूक बरेच जण करतात. वर तो सलग जातो. जमिनीला आणि छताला ट्रॅक जोडायला ६०० मिमीवर एक आणि प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांजवळ एक फास्टनर धरा.

१२०० आणि १२२० ची गफलत

ही चूक अंदाजात होते, पण कळते ती बोर्ड लावताना. मेट्रिक बोर्ड १२०० मिमी रुंद असतो, चार फुटांचा १२२० मिमी. स्टडची अंतरंही तशीच, ६०० किंवा ६१०. एका जातीचे स्टड आणि दुसऱ्या जातीचे बोर्ड मागवले गेले की असं होतं: स्टड ६१० वर, बोर्ड १२०० चा. पहिल्याच बोर्डाची कड स्टडच्या मध्यापासून २० मिमी अलीकडे संपते. स्टडचा पंख (बोर्ड ज्यावर टेकतो ती सपाट बाजू) साधारण ३५ मिमी रुंद असतो, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत जेमतेम १७. बोर्डाची कड हवेत लटकते. उलट झालं, म्हणजे ६०० वर १२२० चे बोर्ड आले, तर प्रत्येक बोर्ड २० मिमी कापावा लागतो आणि त्यात उतरती कड निघून जाते. सगळे सांधे कापलेल्या कडांचे होतात. मागणी देताना बोर्डाची रुंदी आणि स्टडचं अंतर एकाच ओळीत लिहा. 'चार बाय आठ' एवढंच सांगू नका.

स्क्रू, टेप, कंपाउंड आणि बाकी

स्टीलच्या स्टडवर १२.५ मिमीच्या एका थराला २५ मिमीचे स्क्रू, दुसऱ्या थराला ३५ मिमीचे. कडांना २०० आणि मधल्या स्टडवर ३०० मिमी अंतर धरलं तर २.७ मीटर उंचीला कडेला १४, मध्ये १०. एका बोर्डाला ३८. दहा बोर्डांना ३८०, दाराच्या कडा धरून ४००, पडणारे आणि वाकडे जाणारे मोजून ४४०. अंतराचा आकडा बोर्ड बनवणाऱ्याच्या पत्रकातून घ्या. छताला तो भिंतीपेक्षा कमी असतो, म्हणून छताला स्क्रू जास्त लागतात. दुहेरी थरात बोर्ड दुप्पट होतात, पण स्टड तेवढेच राहतात आणि टेप फक्त वरच्या थराला लागतो. सगळंच दुप्पट मागवून मोकळं होणं महागात पडतं.

टेप बहुतेक वेळा क्षेत्रफळावरून काढतात: चौरस मीटरला साधारण १.२ मीटर. आपल्या भिंतीला त्या हिशेबाने ३४ मीटर येतो. मोजून पाहू. एका बाजूचे उभे सांधे ८.७ मीटर (दाराच्या मध्यावरचा सांधा फक्त वरच्या ०.६ मीटरचा), दुसऱ्या बाजूचे १३.५, भिंतीच्या दोन्ही टोकांचे आतले कोपरे १०.८, छताशी जुळणारी रेषा १२. एकूण ४५ मीटर. आखूड बोर्ड वापरले तर आडवा सांधा धरून ५७. क्षेत्रफळाचा नियम मोठ्या, सलग कामात बऱ्यापैकी चालतो. लहान खोल्या आणि पार्टिशनमध्ये कोपरे प्रमाणाने जास्त येतात, म्हणून तिथे तो कमी पडतो.

पावडर कंपाउंड चौरस मीटरला सुमारे ०.३५ किलो धरलं तर या भिंतीला दहा किलो. हा आकडा उतरत्या कडांच्या सांध्यांसाठी आहे. कापलेल्या कडांचे सांधे आणि बाहेरचे कोपरे जास्त असतील तर दीडपट धरा. तेवढं आणूनही कंपाउंड संपत असेल तर दोन गोष्टी तपासा. पहिली, बोर्डांमध्ये मोठ्या फटी ठेवल्या जात आहेत का? चुकीच्या मापाने कापलेल्या बोर्डाची फट कंपाउंडने बुजवली जाते आणि पिशव्या तिथेच रिकाम्या होतात. दुसरी, एका वेळी किती कालवलं जातं? घट्ट होणाऱ्या कंपाउंडवर वेळ लिहिलेली असते. तेवढ्या वेळात लागेल इतकंच कालवायचं. घट्ट व्हायला लागलेल्यात पाणी घालून ते परत वापरता येत नाही, फेकावंच लागतं.

आतलं इन्सुलेशन भिंतीला एकदाच भरलं जातं. दोन्ही बाजूंचं २८.६२ चौ. मी. धरून मागवलं की निम्मं उरतं, लागतं १४.३१. आवाज रोखायचा असेल तर कडेने सीलंट हवं: एका बाजूला वर ६.०, खाली ५.१ आणि दोन टोकं मिळून ५.४, म्हणजे १६.५ मीटर, दोन्ही बाजू ३३. ३०० मिलीच्या नळीतून ६ मिमी जाडीची गोल रेघ साडेदहा मीटर जाते. चार नळ्या.

अंदाजातून हमखास राहून जाणारी गोष्ट म्हणजे भिंतीतला आधार. टीव्ही, भिंतीतलं कपाट, वॉश बेसिन, पडद्याची दांडी, या सगळ्यांच्या मागे प्लायवूड किंवा लाकडी आडवा तुकडा आधीच बसवावा लागतो. बोर्ड लागल्यावर आठवलं तर भिंत उघडावी लागते. ओल्या जागी साधा बोर्ड मोजू नका. न्हाणीघराच्या कोरड्या भागाला ओलावारोधक बोर्ड आणि थेट पाणी पडणाऱ्या जागी सिमेंट बोर्ड, अशा वेगवेगळ्या ओळी करा. त्यांचे दर आणि सिमेंट बोर्डाचे स्क्रूही वेगळे असतात.

माल बरोबर, तरी खर्च वाढतो तेव्हा

याच भिंतीचं 'क्षेत्रफळ' चार प्रकारे सांगता येतं: १४.३१ (एक बाजू, दार वजा), १६.२ (एक बाजू, दार धरून), २८.६२ आणि ३२.४ (दोन्ही बाजू, तशीच दोन रूपं). एक कारागीर भिंतीच्या चौरस मीटरचा दर सांगतो, दुसरा बोर्डाच्या चौरस मीटरचा. दुसऱ्याचा दर निम्मा दिसतो, बिल तेवढंच येतं किंवा जास्त. दर विचारताना तीन गोष्टी लेखी घ्या: माप एका बाजूचं की दोन्ही, दारं-खिडक्या वजा होणार का (आणि किती आकारापासून), आणि कोणत्या पातळीचं फिनिशिंग.

फिनिशिंगचा मुद्दा सर्वांत जास्त भांडणं लावतो. अमेरिकेत रूढ असलेल्या पद्धतीत ० ते ५ अशा पातळ्या आहेत. साध्या रंगाच्या भिंतीला चौथी पुरते. पाचवीत सांध्यांबरोबर पूर्ण पृष्ठभागावर कंपाउंडचा पातळ थर दिला जातो. चकचकीत रंग किंवा भिंतीला घासून जाणारा प्रकाश असेल तर तोच हवा. त्यात कंपाउंडही वाढतं आणि मजुरीही. एकाने चौथीचा दर दिला आणि दुसऱ्याच्या डोक्यात पाचवी असली की वाद शेवटच्या दिवशी उभा राहतो.

मजुरी तीन भागांत मागा: सांगाडा, बोर्ड लावणं, सांधे भरणं. सांध्यांचं काम एका दिवसात होत नाही. थर सुकायला वेळ लागतो आणि कारागिराला किमान तीनदा यावं लागतं. छोट्या कामाचा दर चौरस मीटरला जास्त येतो तो या फेऱ्यांमुळे. तो कमी करायला घासाघीस करण्यापेक्षा दोन खोल्यांचे सांधे एकाच फेरीत बसवा.

बाकी ओळी: वाहतूक, माल वर चढवण्याची हमाली, उंच भिंतीला मचाण, तुकड्यांची विल्हेवाट, कॉर्नर बीड (बाहेरच्या कोपऱ्यावरची पट्टी), प्रायमर. प्रायमर रंगाच्या अंदाजात आहे की ड्रायवॉलच्या, हे ठरवा. नाहीतर तो दोन्हीकडे येतो किंवा दोन्हीकडून सुटतो. ओल्या जमिनीवर ठेवून खराब झालेले बोर्डही घटीतच मोजले जातात. त्यांना आडवे, आधारांवर, जमिनीपासून उचलून ठेवलं तर तो खर्च येतच नाही.

काम चालू असताना कमी पडलं तर

लगेच 'अजून दोन द्या' म्हणू नका. उरलेल्या भिंतीचं रेखाचित्र काढा, लावायचे तुकडे त्यावर मांडा आणि साचलेल्या ढिगातले मोठे तुकडे मोजून बसतात का पाहा. दारावरचा भाग, खिडकीखालची जागा आणि वरची पट्टी बहुधा त्यातून निघते. स्टडवर न संपणारा तुकडा मात्र जबरदस्तीने बसवू नका. तो सांधा पुढे फाटतोच. बोर्ड कमी आणि ढीग मोठा असेल तर दोष बोर्डाच्या लांबीच्या निवडीत आहे. बोर्ड पुरेसे आणि स्टड कमी असतील तर दारं-खिडक्यांचे जादा स्टड धरले गेले नाहीत. दोन्ही बरोबर आणि टेप संपला असेल तर आतले कोपरे आणि छताची रेषा मोजायची राहिली. पुढच्या मागणीत नेमकी तीच ओळ दुरुस्त करा, बाकीच्या आकड्यांना हात लावू नका.